तुम्ही विचारलंत म्हणून: कमी बजेटमध्ये कुठली गिटार घेऊ?

"गिटार शिकायचीये, फार पैसे घालायचे नाहीयेत, कुठली घेऊ?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहूनच टाकते. एखाद्या ब्रँडचं नाव सांगून मोकळं होता येतं आणि बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं, पण स्वस्त गिटारच्या बाबतीत एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन गिटार शेजारी ठेवल्या तरी एक हातातून सोडवत नाही आणि दुसरीवर एफ कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा एकदम दाबायचा अवघड कॉर्ड) धरताना बोटं रडकुंडीला येतात. त्यामुळे माझं उत्तर असं की सगळं बजेट गिटारवर उडवू नका, साधारण चौथा हिस्सा सेटअप आणि चांगल्या तारांसाठी बाजूला ठेवा आणि उरलेल्यात बसेल ती साधी गिटार घ्या. नीट सेटअप केलेली साधी गिटार ही सेटअप न केलेल्या भारी गिटारपेक्षा शिकणाऱ्याला कितीतरी जास्त उपयोगाची असते, हे मी अगदी ठामपणे सांगते.

सेटअप म्हणजे तारांची उंची वगैरे हाताने जुळवून घेणं, ते नक्की काय ते सांगते, कारण खरी गोम इथेच आहे. तारा फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या दांड्यावरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, किती उंच आहेत त्याला ॲक्शन म्हणतात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण २.५ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमीच्या आसपास अंतर असेल तर गिटार आरामात वाजते, पण स्वस्त गिटार दुकानात बऱ्याचदा याहून उंच ॲक्शनची मिळते. कारण सरळ आहे, ॲक्शन कमी ठेवली आणि तार खरखरली तर गिऱ्हाईक गिटार परत आणतं, उंच ठेवली तर बोटं दुखतात पण परत कोणी येत नाही, आणि एकेक गिटार हाताने जुळवायला माणसाचा वेळ लागतो जो या किमतीत परवडत नाही. म्हणजे लाकूड चांगलं, बांधणी चांगली, फक्त शेवटचं हाताचं काम राहिलेलं. ते काम तुम्ही करून घेतलंत की तीच गिटार वेगळी वाटायला लागते.

त्यातही सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे नट, नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. कुठलीही तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. अगदी केसाएवढी हवी. तिथे जर चांगली मोठी फट दिसली तर खाचा पुरेशा खोल नाहीत, आणि मग पहिल्या फ्रेटवरचा प्रत्येक कॉर्ड जीव खातो, शिवाय तार खाली खूप ताणली जाते म्हणून सूरही चढा लागतो. एफ कॉर्ड जमत नाही म्हणून गिटार कपाटावर टाकलेली माणसं मी बघितलीयेत, त्यांना वाटतं आपल्या बोटांत ताकद नाही, आणि नट नीट करून दिला की आठवड्याभरात तोच कॉर्ड वाजायला लागतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नसते आणि कोणी त्यांना सांगतही नाही. नटच्या खाचा घासायचं काम मात्र घरी करू नका, खाच एकदा जास्त खोल गेली की नवीन नट बसवावा लागतो. सॅडल म्हणजे ब्रिजवरची (बॉडीवर तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्यावरची) पांढरी पट्टी, ती खालच्या बाजूने घासून ॲक्शन उतरवतात, बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी हवा असेल तर सॅडल १ मिमी घासावी लागते, हे धीर असेल तर घरी जमतं.

आता लाकूड. वरची फळी (टॉप) सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाची, घ्या की लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवलेल्या प्लायची? जमत असेल तर सॉलिड टॉप घ्या, कारण आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो. ओळखायचं कसं, तर साउंडहोलच्या (वरच्या फळीतल्या गोल भोकाच्या) कडेला बघा, वरचे लाकडाचे रेघोटे कडेवरून तसेच खाली उतरताना दिसले तर सॉलिड, कडेला थर दिसले तर प्लाय. मागचं आणि बाजूंचं लाकूड कुठलं याची मात्र बिलकुल चिंता करू नका. तोरेस नावाच्या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली मागची आणि बाजूची बॉडी चक्क कागदाच्या लगद्याची करून गिटार बनवली होती, वरची फळीच महत्त्वाची असते हे दाखवायला. आणि २०१८ मध्ये लँकेस्टर युनिव्हर्सिटीचा एक अभ्यास आला, त्यात फक्त मागचं-बाजूचं लाकूड वेगळं असलेल्या ६ गिटार ५२ वादकांना न बघता वाजवायला दिल्या, महाग रोझवूड आणि स्वस्त लाकूड यांत त्यांना फारसा फरक सांगता आला नाही. म्हणजे तिकडे पैसे घालणं हे मुख्यतः दिसण्यासाठी.

नावं हवीच असतील तर यामाहा एफजी८०० ला सॉलिड स्प्रूस टॉप आहे आणि यामाहाचीच एफ३१० पूर्ण लॅमिनेट आहे, पण या दुसरीनेही असंख्य लोक शिकलेत आणि बजेट तेवढंच असेल तर बिनधास्त घ्या, लॅमिनेट हवामानाचा त्रासही कमी करून घेतं. कटअवे (बॉडीला नेकजवळ दिलेली खाच), चकचकीत रंग, आत बसवलेला पिकअप (आवाज स्पीकरला जोडण्यासाठीचा), यातलं काहीही पहिल्या गिटारला लागत नाही. त्याच किमतीत पिकअप मिळतोय म्हणजे तेवढे पैसे लाकडातून आणि कामातून कमी झालेत, एवढं धरून चला.

दुकानात गेलात तर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा, वेळ लागला तरी चालेल, कुठे खरखर येते का ऐका. नेकच्या कडेने हात फिरवा, फ्रेटची टोकं टोचायला नकोत. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा (तार न दाबता बोट फ्रेटच्या वर नुसतं टेकवून), मग तिथेच तार दाबून वाजवा, ट्युनरवर दोन्ही एकच दिसायला हवेत. खुंट्या फिरवताना उडी मारल्यासारखं होऊ नये. बस.

तारांबद्दल एकच, नवीन असाल तर १०-४७ चा सेट लावा (हे आकडे म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). १२-५३ सेटचा एकूण ताण ७० किलोच्या पुढे जातो, १०-४७ चा ६० च्या आसपास, बोटांना हा फरक लगेच कळतो. हलक्या तारांनी नेक थोडी सरळ होते त्यामुळे कधी ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक जुळवायचा लोखंडी दांडा) किंचित सैल करावा लागतो. नायलॉनच्या तारांची गिटार बोटांना अजून मऊ असते पण तिची नेक रुंद असते, नटपाशी ५२ मिमी वगैरे, स्टीलवालीची ४३ च्या आसपास. आणि नायलॉनवाल्या गिटारला स्टीलच्या तारा कधीच लावू नका, ब्रिज उखडतो.

सेकंडहँड मिळत असेल तर मी आधी तिकडेच बघेन, पैशाचं खरं मोल तिथेच आहे. ओरखडे, उडालेलं पॉलिश, जुन्या तारा, खराब खुंट्या यांना घाबरू नका, हे सगळं स्वस्तात सुटतं. फक्त एक बघा, लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे न्या, ती ब्रिजच्या माथ्याला लागायला हवी. पट्टी ब्रिजच्या माथ्याच्या खाली धडकत असेल, ॲक्शन उंच असेल आणि सॅडल आधीच घासून घासून संपत आलेली असेल तर नेकचा कोन बिघडलाय, तो दुरुस्त करायचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीपेक्षा जास्त जातो, ती सोडून द्या. मला फोटो पाठवून विचारणार असाल तर समोरून काढलेला नको, ब्रिजच्या उंचीवर कॅमेरा धरून बाजूने काढलेला पाठवा, म्हणजे सॅडल किती उरलीये ते दिसतं.