भेग बुजवायच्या आधी पाणी कुठे जातंय ते बघा

आमच्या मागच्या खोलीत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघालेली, ती आम्ही तीन वर्षांत तीनदा बुजवली. पुट्टी भरायची, वरून रंग मारायचा, आणि पावसाळा संपून ऊन तापायला लागलं की परत तीच भेग, त्याच जागी. तिसऱ्या वेळी भरून झाल्यावर काही महिन्यांनी दुसऱ्याच कामाला एक वयस्कर गवंडी आले होते, त्यांना सहज दाखवली तर ते भिंतीकडे बघतच बसले नाहीत, थेट बाहेर गेले. हातातली सळई त्यांनी घराच्या त्या कोपऱ्याजवळ जमिनीत दाबली तर लोण्यात सुरी जावी तशी वीतभर आत गेली. मग दहा पावलं पुढे जाऊन तिथे दाबली, तिथे दोन बोटंसुद्धा जाईना. आणि मग त्यांनी वर बोट दाखवलं, गच्चीचा पाइप बरोबर त्याच कोपऱ्यात, पायाच्या अगदी कुशीत सुटत होता.

मला तोवर वाटायचं पाया म्हणजे एकदा घातला की संपलं. पण पाया मातीवर बसलेला असतो आणि माती हलते. विशेषतः काळी चिकणमाती, ती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. अख्खं घर सगळीकडून सारखंच थोडं खाली बसलं तर फारसं बिघडत नाही, पण एक कोपरा ओला आणि बाकी कोरडं असं झालं की तो कोपरा वेगळा हलतो, आणि मग जिथे भिंत कमजोर, म्हणजे खिडकी-दाराचा कोपरा, तिथेच ती फाटते.

पाणी किती असतं याचाही अंदाज नव्हता. 100 चौरस मीटरची गच्ची असेल आणि एका दिवसात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर 5000 लिटर पाणी होतं, म्हणजे एक टँकरभर. ते सगळं एका कोपऱ्यात ओतायचं आणि वर भेग का पडली म्हणून विचारायचं!

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. डबकं कुठे साचतंय, पागोळ्या कुठे पडतायत, नळाचं सांडपाणी कुठे मुरतंय, हे दहा मिनिटांत जे दिसतं ते कोरड्या दिवसात कितीही बघितलं तरी दिसत नाही. आम्ही पाइप लांबवून पाणी दूर सोडलं, आणि भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार करून घेतला, साधारण 10 फुटांत 6 इंच. फक्त उतारासाठी माती टाकताना ती जोत्याच्या वर चढवू नका, नाहीतर ओल थेट भिंतीत शिरते, आणि मग खाली पांढरा लोणा फुटून गिलावा पोपडे धरतो.

झाडांचं पण बघा. मोठं होणारं झाड पायाला खेटून लावू नका, मुळं माती कोरडी करत जातात. पण आधीपासून असलेलं जुनं मोठं झाड घाईने तोडूही नका, कारण झाड जे पाणी शोषून घेत होतं, तेच मग चिकणमातीत साठून जमीन उलट फुगू शकते. हे मलाही नवीन होतं.

प्रत्येक भेगेला घाबरायचं कारण नाही. गिलाव्यातल्या केसाएवढ्या भेगा बहुतेक वेळा गिलावा सुकतानाच्याच असतात. पण विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी भेग, तळघराच्या भिंतीला आडवी भेग, भिंतीला आलेला फुगवटा, किंवा अचानक अडकायला लागलेलं दार, यातलं काही दिसलं तर पुट्टीवाल्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भेग 5-6 मिलिमीटरच्या वर गेली असेल तर थांबूच नका.

आणि तोवर एक करा, भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा, आणि मधे जिथे सगळ्यात रुंद आहे तिथलं मापही लिहून ठेवा. आमच्या भिंतीवर अशा चार तारखा आहेत, पाहुणे विचारतात हे काय म्हणून. पाइप हलवल्याला दोन पावसाळे झाले, भेग रेघेच्या पुढे गेलेली नाही आणि मापही तेवढंच आहे. अजून बुजवलेली नाही, हा उन्हाळा बघतो आणि तेव्हाही तेवढीच राहिली तर मग भरून घेतो.