आमची वाटचाल : तिसऱ्यांदा जळालेली मोटर

नाशिकच्या सातपूरला दहा बाय बाराच्या गाळ्यात मोटर रिवाइंडिंग सुरू केलं तेव्हा काम सरळ होतं. जळकी तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारून भट्टीत सुकवायचं. मोटर का जळली, हे कुणी विचारत नसे. खरं सांगू, न विचारण्यातच आमचं पोट होतं.

मग दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदारांची पाच एचपीची मोटर एकाच हंगामात तिसऱ्यांदा आली. "भाऊ, तार हलकी भरता का?" हे लागलं. मोटर भरली आणि सोबतच विहिरीवर गेलो. डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, मीटर ४१० व्होल्ट दाखवत होतं. ६०० मीटर लांब विहिरीवर, मोटर चालू असताना, जेमतेम ३५०. मधे ४ स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियम केबल. तांब्याची वाहकता १०० धरली तर अ‍ॅल्युमिनियमची ६१ भरते, त्यात लांबी एवढी. व्होल्टेज पडलं की मोटर जादा अँपिअर ओढते आणि वाइंडिंग तापतं. १० स्क्वेअर एमएमची केबल टाकली. ती मोटर काही परत आली नाही. एक गिऱ्हाईक गेलं म्हणा!

त्यांनीच पुढे पाइपलाइनचं काम दिलं. पाइप म्हणजे पाण्याची केबलच, असं समजून चाललो होतो. ते अर्धंच खरं निघालं. वीज तारेच्या सगळ्या जाडीतून सारखी वाहते, म्हणून व्यास सव्वापट केला तर रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दोनतृतीयांशाच्या आसपास येतो. पाणी मात्र पाइपाच्या भिंतीला अडतं. दोन इंचाऐवजी अडीच इंची पाइप घेतला, तर तेवढ्याच पाण्याला घर्षणात जाणारा दाब जवळपास एकतृतीयांशावर उतरतो. आतून गंजलेला जुना जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप तर मोटरीचा जीवच खातो.

मुलगी डिप्लोमाला आहे. ती म्हणाली, ओमने १८२७ साली तारेचा नियम छापला आणि दार्सीने १८५६ साली दिजाँमध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा. दोन्हींची मांडणी एकच : ढकलणारा जोर जास्त तर प्रवाह जास्त, वाटेतला अडथळा जास्त तर प्रवाह कमी. तेव्हा कळलं, ठिबकचं पाणी काळ्या मातीत आडवं का पसरतं आणि मुरमात सरळ खाली का उतरतं. अर्थिंगचंही मातीवरच. कोरड्या मुरमात वीज उतरत नाही, म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरतो आणि एप्रिल-मेमध्ये गिऱ्हाइकांना फोन करून सांगतो : अर्थिंगला दोन बादल्या पाणी घाला.