आवराआवरीतून वाचलेला डबा

गेल्या वर्षी घर बदलताना आम्ही माळ्यावरचे बहुतेक सामान वाटून टाकले किंवा भंगारात दिले, आणि त्यातील एकाही वस्तूची त्यानंतर आठवण झाली नाही. नाण्यांच्या डब्यापाशी मात्र माझा हात थबकला. खरे सांगायचे तर त्यातली बहुतेक नाणी ‘असू द्यात’ म्हणून साठलेली, एकसारखी होती. ती मी काढून टाकली आणि एकच विषय ठेवला: १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली तेव्हापासूनची छोटी नाणी, म्हणजे नया पैसा, षट्कोनी तीन पैसे, कंगोरेदार दहा पैसे वगैरे. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाल्यामुळे हा संग्रह घर व्यापेल अशी भीती नाही. (अपवाद एकच, आजीच्या बटव्यातला १९४३चा भोकाचा पैसा.)

निवडताना माझी एक जुनी चूक उघडी पडली. मऊ पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांत वर्षानुवर्षे कोंबलेल्या ब्राँझच्या नया पैशांवर हिरवट, चिकट थर चढला होता, कारण असे प्लास्टिक जुने होताना आम्ल सोडते. चिंचेने घासण्याचा मोह मी कसाबसा आवरला. घासून गेलेला मूळ रंग परत येत नाही. आता चौसष्ट नाणी एका पातळ अल्बममध्ये मावतात, आणि रविवारी चहा घेताना माझी मुलगी त्यांतल्या तीन पैशांचे कोपरे मोजत बसते.