दार बंद झाले नाही, एवढेच सांगायचे होते

उत्तर कोकणातल्या एका किनारी शहराच्या मेट्रोत मी प्रवासी माहितीचे काम करते. स्थानकांवरच्या घोषणा, फलाटावरच्या फलकांवरचा मजकूर आणि वृत्तपत्रांना जाणारे खुलासे आमच्या छोट्या कक्षातून जातात. नेहमीच्या दिवशी हे काम ध्वनिमुद्रित वाक्ये आपोआप करतात. गाडी बिघडते त्या दिवशी मात्र ओसीसी, म्हणजे गाड्यांचे संचालन करणारा नियंत्रण कक्ष, दोन ओळींत काय झाले ते आम्हाला कळवतो आणि त्यातले लोकांना किती सांगायचे याचा निर्णय काही मिनिटांत करावा लागतो. गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात असा एक दिवस आला. त्या दिवशीचा सकाळचा प्रश्न माझ्या मते सुटला, संध्याकाळचा सुटलेला नाही, आणि म्हणून हे लिहीत आहे.

आमच्या मार्गावर दोन तुकड्यांच्या गाड्या धावतात. जुन्या तुकडीतल्या गाड्या आरंभापासूनच्या आहेत; वाढत्या गर्दीसाठी मागवलेली दुसरी तुकडी अलीकडची. सहा डब्यांच्या गाडीला एका बाजूला चोवीस दारे असतात. प्रत्येक दारात ते पूर्ण मिटून कुलूपबंद झाले की जुळणारा एक स्विच असतो आणि हे सर्व स्विच एका साखळीत जोडलेले असतात. साखळीतला एकही स्विच जुळला नाही, तर मोटरांना वीज मिळत नाही आणि गाडी जागची हलत नाही. दारात छत्रीचे टोक किंवा पिशवीचा बंद अडकला, तर दार ते ओळखून पुन्हा उघडते आणि पुन्हा मिटण्याचा प्रयत्न करते. तरीही मिटले नाही, तर ट्रेन ऑपरेटर आपल्या कक्षातून उठून त्या दारापर्यंत चालत जातो, चावीने ते एक दार यंत्रणेतून वगळतो, त्यावर बंद असल्याची पट्टी लावतो आणि परत येऊन गाडी काढतो. गर्दीने भरलेल्या सहा डब्यांतून वाट काढत जायला आणि यायला किती वेळ लागतो, हे त्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला सांगायला नको.

त्या सकाळी नव्या तुकडीतल्या एका गाडीचे दार असे वगळावे लागले. पुढच्याच स्थानकात तिचे दुसरे दार अडले आणि ती रिकामी करून डेपोत पाठवावी लागली. थोड्या वेळाने त्याच तुकडीतल्या दुसऱ्या गाडीने तेच केले. तेव्हा ओसीसीने खबरदारी म्हणून नव्या तुकडीतल्या सर्व गाड्या मागे घेतल्या. माझ्या मते त्या दिवसातला हा सर्वांत चांगला निर्णय होता आणि त्याचे श्रेय त्या पाळीच्या मुख्य नियंत्रकांना आहे. त्यांनी वरच्या मंजुरीची वाट पाहिली नाही. मात्र दोन गाड्यांमधले अंतर त्यामुळे दुपटीहून अधिक वाढले, आणि मला रेल्वेशी जोडलेल्या अदलाबदलीच्या स्थानकावर धाडण्यात आले.

गणपतीच्या आधीच्या दिवसांत त्या स्थानकावर जे प्रवासी असतात, त्यांतल्या अनेकांना मेट्रोने कामावर जायचे नसते, कोकणात जाणारी रेल्वे पकडायची असते. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि या दिवसांच्या गाड्या पाहता पाहता भरतात. ज्याच्या हातात तसे तिकीट आहे, त्याची रेल्वे चुकली तर त्याचा सण चुकतो. अशा माणसाच्या कानावर ध्वनिमुद्रित वाक्य पडत होते: असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत, तांत्रिक कारणास्तव सेवा विलंबाने सुरू आहे. कुडाळकडचे एक वृद्ध गृहस्थ, पायाशी दोन मोठ्या पिशव्या आणि मखराच्या सामानाची गुंडाळी घेऊन, माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “बाय, माका फक्त ता सांगा, गाडी गावतली काय?” ते त्यांच्या रेल्वेबद्दल विचारत होते, आणि आमच्या घोषणेत त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

घोषणेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हे काम शिकावे लागते यावर आमच्या संस्थेतही अनेकांचा विश्वास नाही. घोषणेतले पहिले काही शब्द कोणीही ऐकत नाही. माणसाचे लक्ष वेधले जाईपर्यंत ते निघून गेलेले असतात. म्हणून आरंभी दिशा आणि स्थानकाचे नाव यायला हवे, मग काय झाले, मग किती वेळ, मग पर्याय कोणता, आणि दिलगिरी अगदी शेवटी. आमचे ध्वनिमुद्रित वाक्य नेमके दिलगिरीपासून सुरू होते. फलाटावरच्या पत्र्यावर पावसाची सर कोसळू लागली, तर आवाज वाढवून उपयोग होत नाही, तो घुमतो. बोलण्याचा वेग कमी करावा लागतो आणि दोन वाक्यांत स्पष्ट अंतर ठेवावे लागते. वेळेचा नेमका आकडा देऊ नये, मर्यादा द्यावी, कारण दहा मिनिटे सांगून अकरावे मिनिट उजाडले की पुढची प्रत्येक घोषणा खोटी ठरते. स्टेशन कंट्रोलरच्या परवानगीने मी ध्वनिमुद्रण बंद करून माइक घेतला आणि सांगितले की रेल्वे स्थानकाच्या दिशेची पुढची मेट्रो किमान वीस मिनिटे येणार नाही, ज्यांना रेल्वे पकडायची आहे त्यांनी पूर्वेकडच्या जिन्याखालच्या थांब्यावरून बस घ्यावी, आणि मेट्रोच्या भाड्याची परतफेड खिडकीवर मिळेल. फलाट निम्मा रिकामा झाला. ते गृहस्थ पिशव्या उचलून जिन्याकडे गेले. त्यांना रेल्वे मिळाली का, हे मला कळलेले नाही.

त्या घोषणेत आणखी एक वाक्य मला हवे होते: नव्या गाड्यांची काही दारे नीट मिटत नाहीत, आणि दार मिटल्याशिवाय गाडी सुटत नाही. ते वाक्य वरिष्ठांनी फोनवरून काढायला सांगितले. लोक घाबरतील, असे त्यांचे म्हणणे होते. याच गाड्यांच्या लोकार्पणाला मंडप, फुले आणि भाषणे होती, आणि त्यामुळे त्या गाड्यांविषयी उणा शब्द उच्चारायला कोणी धजत नाही; हे कारण त्यांनी सांगितले नाही, पण आमच्याकडे ते सर्वांना ठाऊक आहे.

ज्या प्रदेशात १९२५ पासून उघड्या दारांच्या विजेच्या लोकल धावत आहेत आणि आपोआप मिटणाऱ्या दारांची पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी आली, तिथे दाराविषयीचे मौन फार काळ टिकत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून पडून प्रवाशांचे बळी गेल्यापासून तर दार हा इथे प्रत्येक घरातला विषय आहे. दुपारपर्यंत एक चित्रफीत सर्वत्र फिरू लागली. तिच्यात आमचा एक कर्मचारी अडलेले दार दोन्ही हातांनी ओढताना दिसत होता आणि खाली लिहिले होते की मेट्रो उघड्या दाराने धावली. गाडी फलाटाला उभी होती. तशी ती धावूच शकत नाही. परंतु हे आम्ही सकाळी सांगितले नव्हते, आणि आता तेच वाक्य अफवेला दिलेले उत्तर म्हणून सांगावे लागणार होते. दुपारी एकच्या सुमारास मला ते वाक्य बोलण्याची परवानगी मिळाली. ते ऐकून कोणी घाबरल्याचे मला दिसले नाही. एका मुलीने फक्त विचारले की मग दाराला टेकून उभे राहिले तर चालते का, आणि ते टाळावे हे तिला सांगता आले.

संध्याकाळी एका वार्ताहराने लेखी प्रश्न पाठवला: हा दोष आधीपासून माहीत होता का? होता. डेपोच्या नोंदवहीत पावसाळा सुरू झाल्यापासून नव्या तुकडीतल्या दारांच्या स्विचच्या नोंदी होत्या. खाडीवरून येणारी खारट, दमट हवा स्विचच्या जोडण्यांत शिरते आणि उंबऱ्याच्या खाचेत पाण्याबरोबर वाळू साचते, हे निदानही झालेले होते. उत्तराच्या पहिल्या मसुद्यात मात्र बिघाड त्या सकाळी उद्भवल्याचे लिहिले होते. ते असत्य असल्याने त्यावर माझे नाव घालू नये, असे मी सांगितले. मग जे उत्तर गेले, त्यात गाड्या मागे घेतल्याचे, तपासणी सुरू असल्याचे आणि सुरक्षेला धोका नसल्याचे लिहिले होते. त्यातले प्रत्येक विधान खरे होते, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

डेपोतल्या वरिष्ठ अभियंत्यांशी त्या रात्री माझे बोलणे झाले. त्यांच्याइतकी ती गाडी जाणणारा माणूस आमच्याकडे दुसरा नाही. नवी गाडी मार्गावर येण्याआधी तिच्या दोलन चाचण्या, म्हणजे धावताना ती किती हेलकावते हे पाहणाऱ्या चाचण्या, होतात, मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त तिला मान्यता देतात, आणि तरीही पहिल्या वर्षात असंख्य बारीक दोष निघतात, कारण भरलेल्या डब्यांचा आणि कोकणच्या पावसाचा अनुभव कारखान्यात मिळत नाही. हे सगळे दोष जाहीर करू लागलो तर खरा गंभीर दोष त्यांत बुडून जाईल, असे ते म्हणाले. हा मुद्दा खोटा नाही.

मी त्यांना परदेशातली दोन उदाहरणे दिली. जानेवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सबवेत आर १७९ या नव्या श्रेणीच्या दोन गाड्यांच्या दारांत दोष आढळला, तेव्हा तिथल्या यंत्रणेने जवळपास ३०० डबे काढून घेतले आणि कारण दारांचे असल्याचे लगेच जाहीर केले. वॉशिंग्टनमध्ये ७००० श्रेणीच्या नव्या डब्यांची चाके आसावर बाहेरच्या बाजूला सरकत असल्याचे २०१७ पासून आढळत होते. लोकांना ते १२ ऑक्टोबर २०२१ रोजी एक गाडी रुळांवरून घसरल्यानंतर कळले. त्या श्रेणीचे ७४८ डबे, म्हणजे एकूण ताफ्यातले सुमारे ६० टक्के, सेवेतून काढावे लागले आणि महिनोन्‌महिने प्रवासी कमी गाड्यांत दाटीने उभे राहिले. तो दोष जीवघेणा ठरू शकला असता, आमचा दोष गाडी उभी करतो, हा फरक अभियंत्यांनी लगेच दाखवला, आणि तो मी मान्य केला. पण दोष कोणत्या जातीचा आहे हे ठरवणारे लोक आणि तो लपवण्यात ज्यांची सोय आहे ते लोक एकाच इमारतीत बसतात. वॉशिंग्टनमध्येही नोंदी होत्या, फक्त त्या योग्य माणसांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या.

त्या बोलण्यातून एक निकष निघाला. जो दोष एकाहून अधिक गाड्यांत पुन्हा दिसला आणि ज्यामुळे प्रवाशांना गाडीतून उतरावे लागले, तो दोष, त्याचे निदान आणि चालू असलेला उपाय दर महिन्याला स्थानकांवर लावावा, असा प्रस्ताव मी लिहिला. त्यासाठी लागणाऱ्या नोंदींचा नमुना त्या अभियंत्यांनी स्वतः तयार करून दिला, आणि त्यावर माझ्याबरोबर सही केली. वरिष्ठांकडे तो अजून विचाराधीन आहे. दरम्यान नव्या तुकडीतल्या स्विचना पाणी न शिरणारी आवरणे बसवली गेली आहेत आणि त्या गाड्या पुन्हा धावत आहेत. हेही कोणाला सांगितलेले नाही, याचे मला अधिक वाईट वाटते, कारण हे काम अभिमानाने सांगण्यासारखे होते.

एका बाबतीत मात्र अभियंते आणि मी अजून वेगवेगळ्या मताचे आहोत. दोष दुरुस्त झाल्यावर तो जाहीर करावा, असे त्यांना वाटते, कारण उपाय हाती नसताना सांगितलेले कारण लोकांना नुसती काळजी देते. दुरुस्ती होण्याआधीच त्या दारांतून रोज ये-जा करणाऱ्यांना तो माहीत असावा, असे माझे म्हणणे आहे. प्रस्तावातली ती ओळ आम्ही दोघांनी मिळून कोरी ठेवली आहे.