तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लास्कमध्ये झालं, मग टाकीत का नाही?

प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये जीवाणूकडून बनवून घेतलेला माल कारखान्याच्या मोठ्या टाकीत का बनत नाही, हा प्रश्न लग्नात येतो, मुंजीत येतो. परवा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारला. तेव्हा बोलता येत नव्हतं, म्हणून इथे सांगते.

आमचा जीवाणू, स्यूडोमोनास पुटिडा, रॅम्नोलिपिड बनवतो. पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून ३० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या खाली आणणारा, साबणासारखा फेसाळ पदार्थ. पण जीवाणूला हवाही लागते. साबणाच्या पाण्यात कॉम्प्रेसरने हवा सोडली की काय होतं, हे कळायला पीएचडी लागत नाही. फ्लास्क नुसता हलवतात, हवा वरून मिळते, म्हणून तिथे सगळं गोड.

पायलट प्लांटमधल्या, म्हणजे चाचणीच्या छोट्या कारखान्यातल्या, एका रात्रपाळीत फेस झाकणाला टेकला आणि एक्झॉस्टच्या पाइपात शिरला. फिल्टर भिजला, टाकीतला दाब चढायला लागला. ऑपरेटर काका म्हणाले, "मॅडम, हवा कमी करू का?" हवा कमी केली की जीवाणू गुदमरतात, स्टिरर हळू केला तरी तेच. तेवढ्यात फोनवर हुकूम आला, फेस मोडणारा सिलिकॉनचा अँटीफोम ओता. ओतला. फेस बसला खरा, पण सिलिकॉनमुळे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे झाले, ऑक्सिजन विरघळेना. मीटरवरचा आकडा शून्याकडे घसरताना आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. जो थोडा माल निघाला तो गढूळ. ग्राहकाने नमुना परत पाठवला, आणि बैठकीत साहेबांनी विचारलं, "फ्लास्कमध्ये तर झालं होतं ना?"

पूर्वी मीच सांगत फिरायचे, सोफोरोलिपिडकडे वळा, तोही असाच साबणासारखा पदार्थ, पण यीस्टने बनवलेला. ते बनवणारं यीस्ट फार फेस काढत नाही, लिटरमागे ३०० ग्रॅमच्या वर उत्पादन मिळाल्याच्या नोंदी आहेत, माल आपसूक वेगळा होऊन तळाशी बसतो नाहीतर वर तरंगतो. अजूनही अर्धं पटतं. पण भांडी घासणाऱ्याला फेसच हवा असतो! टाकीत नको तोच आम्हाला बाटलीत विकायचाय.

रॅम्नोलिपिड १९४० च्या दशकापासून माहीत आहेत; एव्होनिक या जर्मन रसायन कंपनीचा मोठा कारखाना स्लोव्हाकियात सुरू झाला तो थेट २०२४ साली, इतका वेळ लागतो. हे मी बचावासाठी सांगते, कबूल. पण "म्हणजे होतं तर!" एवढंच आमच्या फायनान्सवाल्यांना ऐकू येतं. साबण-शांपूत सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्वस्त एसएलईएस या फेसाळ रसायनाशी भावात टक्कर घ्यायची आहे, हे ते सोयीने विसरतात.

आता फेस दाबायचाच नाही, टाकीबाहेर काढून त्यातूनच माल गोळा करायचा, अशी मांडणी लावतोय. मला ती पूर्ण पटलेली नाही, कारण फेसाबरोबर जीवाणूही वाहून जातात.