अंडरस्टेबल मिडरेंज : बझ एसएसवर का थांबलो

उन्हाळा सरत आला आणि डिस्क गोल्फमधल्या अंडरस्टेबल मिडरेंजचा, म्हणजे उजव्या हाताच्या बॅकहँडने टाकली की उजवीकडे वळणाऱ्या मध्यम पल्ल्याच्या डिस्कचा, प्रश्न माझ्यापुरता सुटलाय. कोणती ठेवली, कोणत्या बाजूला ठेवल्या आणि का, ते नोंदवतो. सोलापूरसारख्या मोकळ्या, वाऱ्याच्या गावात खेळणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आमची जागा विजापूर रोडच्या बाजूला. मुरमाड रान, कडेला लिंब आणि बाभळी. बास्केट (डिस्क ज्यात टाकायची त्या साखळ्यांच्या टोपल्या) नाहीत, लिंबाच्या खोडाला फडकं बांधलं की तेच लक्ष्य. यातल्या एका लक्ष्याकडे जायचं तर दोन लिंबांच्या मधून सरळ निघून शेवटी उजवीकडे वळावं लागतं. माझ्या बॅगेत दोन मिडरेंज डिस्क होत्या, रॉक (४, ४, ०, ३) आणि साधी बझ (५, ४, उणे १, १). हे आकडे क्रमाने वेग, ग्लाइड म्हणजे तरंगणं, टर्न आणि फेड यांचे; शेवटचे दोन खाली समजावतो. उजव्या हाताच्या बॅकहँडला दोन्ही शेवटी डावीकडे जातात. फोरहँडने ती रेषा निघते, पण मला ती बॅकहँडनेच हवी होती, कारण अंतर आणि ताबा दोन्ही माझे तिथेच आहेत.

आकड्यांकडे जायच्या आधी डिस्क मुळात वळते का, हे समजून घ्या. निवड त्यावरच ठरते. उजव्या हाताच्या बॅकहँडने सुटलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेगात असताना तिला उचलणाऱ्या दाबाचा मध्य डिस्कच्या मध्याच्या मागे असतो, त्यामुळे नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबलं जातं. पण फिरत्या वस्तूला एका जागी रेटलं की परिणाम नव्वद अंश पुढे उमटतो. म्हणून नाकाऐवजी उजवी कड खाली जाते आणि डिस्क उजवीकडे वळते. हा टर्न. वेग उतरला की दाबाचा मध्य पुढे सरकतो, सगळं उलटं होतं आणि ती डावीकडे पडते. हा फेड. अंडरस्टेबल डिस्कमध्ये टर्न जास्त, फेड थोडा.

म्हणजे टर्न हवेतल्या वेगावर अवलंबून आहे, आणि डिस्कवर छापलेला आकडा ठरावीक वेग धरून दिलेला असतो. ज्याचा हात तेवढा वेगवान नाही त्याला उणे २ ची डिस्क जवळपास सरळ जाताना दिसेल. जोरदार हाताच्या माणसाच्या हातून तीच ठळक वळेल. म्हणून दुसऱ्याच्या बॅगेत काय आहे ते बघून मिडरेंज घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

गटात मिळून तीन मोल्ड, म्हणजे डिस्कचे तीन साचे, मागवले : डिस्क्राफ्टची बझ एसएस (५, ४, उणे २, १), इनोव्हाची स्टिंगरे (४, ५, उणे ३, १) आणि इनोव्हाचीच वुल्फ (४, ३, उणे ४, १). आमच्यातले बहुतेक जण मिडरेंज साठ-सत्तर मीटर टाकतात.

वुल्फ लवकर बाजूला ठेवली. हलक्या हाताने ती सुंदर वळते आणि रोलरसाठी, म्हणजे जमिनीवर कडेवर घरंगळत नेण्यासाठी, तर अप्रतिम आहे, पण थोडा जोर लागला की परत येतच नाही. नवीन मुलाला, ज्याचा हात अजून सावकाश आहे, तिच्याने उड्डाण कळेल.

स्टिंगरेवर मी बराच रेंगाळलो. तिचा ग्लाइड मोहात पाडतो. हळू टाकली तरी तरंगत राहते. वारा नसलेल्या पहाटे तिच्याइतकं समाधान दुसरी कोणतीच देत नाही. अडचण पहाट संपल्यावर सुरू होते. ताशी ७० किलोमीटरने सुटलेल्या डिस्कला समोरून २० चा वारा लागला, तर तिच्या लेखी वेग ९० झाला, आणि टर्न त्या हिशेबाने वाढतो. उघड्या रानात स्टिंगरे अशा वाऱ्यात उजवीकडे कलंडून बाभळीत जाते. आमच्या गटातले एक काका दर वेळी सांगतात, "वारा समोरून असला की हायझर वाढव, जोर नको." हायझर म्हणजे सोडताना डिस्कची बाहेरची कड खाली झुकवणं. अगदी खरं आहे, पण स्टिंगरेला तेवढ्याने भागत नाही.

बझ एसएस इथे टिकली. सपाट सोडली तर सरळ जाऊन हळूच उजवीकडे झुकते, आणि थोड्या हायझरवर सोडली तर उठून सपाट होते आणि तशीच जाते. हा हायझर फ्लिप हवा तेव्हा निघायला लागला, तेव्हाच मी ठरवलं. शिवाय ती साध्या बझच्याच घडणीची, त्यामुळे हातातली पकड बदलत नाही. ज्याच्याकडे बझ आहे त्याला मी डोळे झाकून हीच सुचवीन.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. पहाटे, वारा पडलेला असताना, सत्तर टक्के जोराने, सपाट. नाक वर असेल तर कोणतीही डिस्क लवकर थांबून डावीकडे पडते आणि अंदाज चुकतो. सुटताना डगमगली तर अंडरस्टेबल डिस्क लगेच जादा वळते, म्हणून घामाचे हात पुसायला टॉवेलचा तुकडा कमरेला हवाच. टॉवेलच्या गावात त्याची वाण नाही.

वजन आणि प्लास्टिकही बघा. एकाच मोल्डची हलकी डिस्क सहसा जास्त वळते. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमची मर्यादा आहे. बझचा व्यास २१.७ सेंटिमीटर, म्हणजे १८० ग्रॅमपर्यंत जागा आहे. वाऱ्यासाठी मी जडच घेतली. स्वस्त प्लास्टिक मुरमावर आपटून कडेला खरवडतं आणि महिन्या-महिन्याने डिस्क आणखी अंडरस्टेबल होत जाते. झाडीतल्या खेळाला ते चालेल. आपल्या जमिनीवर डिस्क्राफ्टचं झेड किंवा ईएसपी हे टिकाऊ प्लास्टिक घ्या, म्हणजे आज ओळखीची झालेली रेषा पुढच्या वर्षीही ओळखीची राहील. आणि एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार असताना डिस्क गाडीच्या डिकीत ठेवू नका, वाकतात.

जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुरू होईल. तेव्हा जड बझ एसएस आणि गटातली हलकी, दोन्ही एकाच वाऱ्यात टाकून बघणार आहे. स्टिंगरे पहाटेसाठी बॅगेत ठेवलीच आहे.