हर्नियाचं ऑपरेशन

फेब्रुवारी 2025. वॉशिंग्टनची रेबर्न बिल्डिंग. आमच्या खासदारांच्या ऑफिसात जागा नव्हती, म्हणून त्यांची आरोग्याचे विषय बघणारी मुलगी बाहेर कॉरिडॉरमध्ये आली. असेल पंचविशीची. हातात वही, पायांत स्नीकर्स. प्रोस्टेट कॅन्सरसाठीच्या मागण्या घेऊन आलेले आम्ही तिघं : मी, एक निवृत्त शाळामास्तरीण जिचा नवरा गेला, आणि व्हिएतनामला जाऊन आलेले एक काळे आजोबा. वेळ पंधरा मिनिटं. मी आधी टॉयलेट कुठे आहे ते बघून ठेवलं होतं. माझ्या प्रोस्टेटच्या, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, ऑपरेशनला चार वर्षं होत आली, पण मोठी शिंक आली की अजून भरवसा नाही.

मागण्या दोनच. पहिली पैशाची. प्रोस्टेट कॅन्सरच्या संशोधनाचा एक मोठा कार्यक्रम अमेरिकेत चक्क संरक्षण खात्याच्या बजेटमधून चालतो, 1997 पासून. मलाही आधी हे विचित्र वाटलं होतं. आजोबांनी एका वाक्यात उलगडा केला, "एजंट ऑरेंज." व्हिएतनाम युद्धात झाडी नष्ट करायला फवारलेल्या या रसायनाच्या संपर्कात आलेल्या सैनिकांचा हा कॅन्सर सरकार नोकरीमुळे झालेला धरतं. 2020 पासून या कार्यक्रमाला वर्षाला 11 कोटी डॉलर मिळत होते. ते कमी करू नका, एवढंच आमचं म्हणणं.

दुसरी मागणी तपासणीची, आणि ती मला बिलामुळे कळली. बायकोचा मॅमोग्राम, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरची तपासणी, दरवर्षी फुकट होतो. प्रोस्टेट कॅन्सरची शंका दाखवणाऱ्या माझ्या पीएसएच्या रक्ततपासणीचं मात्र बिल घरी आलं. इथल्या कायद्याप्रमाणे तज्ज्ञांच्या समितीने ज्या तपासणीला ए किंवा बी श्रेणी दिली ती विम्यात फुकट. पीएसएला 2012 मध्ये डी होती, म्हणजे करू नका. 2018 मध्ये 55 ते 69 वयासाठी ती सी झाली, म्हणजे डॉक्टरशी बोला आणि तुमचं तुम्ही ठरवा. ज्यांना धोका जास्त, म्हणजे काळे पुरुष आणि घरात कुणाला हा कॅन्सर झालेले पुरुष, त्यांना चाळिशीपासून ही तपासणी विम्यात फुकट मिळावी असं एक विधेयक आहे. खालच्या सभागृहात, म्हणजे हाउसमध्ये, ते मांडणाऱ्यांपैकी नील डन हे स्वतः युरॉलॉजिस्ट, रिपब्लिकन. जोडीला डेमोक्रॅट यवेट क्लार्क. इथल्या संसदेची, म्हणजे काँग्रेसची, दोन वर्षांची मुदत संपली की असं अडकलेलं विधेयक बाद होतं आणि पुढच्या काँग्रेसमध्ये नव्याने मांडावं लागतं. हेही तसंच पुन्हा आलेलं.

मुलगी हुशार होती. म्हणाली, पण या तपासणीने नको त्यांचीही ऑपरेशनं होतात ना? प्रश्न रास्त आहे, समितीचा मूळ आक्षेपही तोच होता. कितीतरी प्रोस्टेट कॅन्सर इतके संथ असतात की माणूस दुसऱ्याच कशाने तरी जातो. मी म्हटलं, म्हणून तर आता आधी एमआरआय करतात, आणि सौम्य असेल तर कापाकापी न करता नुसतं लक्ष ठेवतात. कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा माझा ग्लीसन स्कोअर 4+3 होता, वाट बघण्यातला नव्हता.

मग तिने विचारलं, "तुमच्या घरात कुणाला होता?"

याचंच उत्तर द्यायला मी न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलो होतो.

चाळिशीपासून दरवर्षी डॉक्टरकडच्या फॉर्मवर मी या रकान्यात 'नाही' लिहीत आलो. माझे वडील, नाना, 1998 मध्ये कराडला वारले. शेवटी त्यांना कंबरदुखीने कूस बदलवत नव्हती. त्याआधी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, एवढंच आम्हा धाकट्यांना माहीत. 2021 मध्ये माझं निदान झाल्यावर दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "अरे, ते हर्निया नव्हतं." कॅन्सर हाडांत उतरला होता आणि टेस्टोस्टेरॉन थांबवायला नानांचे दोन्ही अंडकोश काढले होते. त्या काळी तोच खात्रीचा आणि परवडणारा उपाय. आईने कागद ट्रंकेत तळाशी, लग्नातल्या शालूखाली ठेवले होते. "नानांनीच शपथ घातली होती," दादा म्हणाला. मला त्यांचा राग येत नाही. गल्लीत काय बोललं गेलं असतं ते मला माहीत आहे.

मुलगी लिहायची थांबली. म्हणजे हे विधेयक आधीच पास झालं असतं तरी माझ्यासारख्याला त्याचा उपयोग नव्हता, कारण रकान्यात 'नाही' होतं. हे मी तिला सांगितलं. आमच्या गटातल्या काहींना ते आवडलं नाही, मागणीलाच भोक पडतं म्हणे. मला नाही तसं वाटत.

पुढच्याच महिन्यात बजेट आलं. 11 कोटींचे साडेसात कोटी झाले. इतकं राबून हे, म्हणून आजोबांनी ग्रुपवर एक शिवी टाकली, तीही स्पेलिंग चुकवून. विधेयक अजून पास व्हायचं आहे.

दादा आता 66 वर्षांचा आहे. त्याच्यामागे मी चार वर्षं लागलो होतो. "मला काय झालंय?" हे ठरलेलं उत्तर. वॉशिंग्टनची गोष्ट फोनवर ऐकली तेव्हा नुसता हसला. गेल्या दिवाळीआधी व्हॉट्सॲपवर एका लॅबच्या रिपोर्टचा तिरका फोटो आला. पीएसए 2.1, काळजीसारखा नाही. खाली लिहिलं होतं : बघ, केली. वहिनीला बोलू नकोस.